पस्तिसावं आसन

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही शर्मिष्ठा दीदींनी दिली. संस्थेतल्या सगळ्यांना एकेक दिली आहे. रोज मनात आलेलं लिहायचं, कोणी वाचणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हाही कार्यक्रमाचाच भाग. मनात आलेलं लिहिणं मला जमत नाही. झालेलं लिहीन.

संस्था आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या कडेला, बीरगावात आहे. लोखंडाच्या मिलमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलींसाठी शिकवणी केंद्र चालवते. शर्मिष्ठा दीदी प्रमुख. मी सप्टेंबरपासून इथे आहे. कॉम्प्युटर, नोंदी आणि अकरावीचं फिजिक्स माझ्याकडे. आता सात आठवडे, दर सोमवारी आणि शुक्रवारी दुपारी साडेचारला, सगळ्यांनी दहा मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं आहे. पंचवीस मुली, नऊ कर्मचारी, एकूण चौतीस. प्रत्येकाच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा. आकडे थेट माझ्या लॅपटॉपवर येतात. मी बसणाऱ्यांत नाही. मी मोजणारी. नावांची यादी वेगळी आणि बंद ठेवली आहे. माझ्यासमोर फक्त क्रमांक. त्यामुळे कोणाबद्दल ग्रह होत नाही.

हॉलच्या खिडक्या बंद असतात, नाहीतर तासाभरात वह्यांवर शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसते. म्हणून एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू. त्याचा आवाज जड आहे. तिसऱ्या मिनिटाला पंखा बंद करायचा, म्हणजे पूर्ण शांतता मिळेल, ही सूचना माझी. दीदींना आवडली. त्यांनी त्यांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगमध्ये वाक्य घातलं: "अब सन्नाटे को सुनिए."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिले आकडे अपेक्षेप्रमाणे नाहीत. पंखा बंद केल्यावर नाडी उतरायला हवी. बहुतेकांची आधी थोडी चढली, मग उतरली. क्रमांक ०७ आणि १९ यांची चढतच गेली. ०७ : ११२. १९ : १०९. दोन चिमटे सदोष असावेत.

तुलनेसाठी एक चिमटा मी स्वतःला लावला होता. मी उभी होते, स्विचजवळ. तिसऱ्या मिनिटाला ११८. म्हणजे सदोष चिमटे तीन.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिन्ही चिमटे बदलले. ०७ : ११०. १९ : १११. मी : ११९. सेल तपासले, ठीक आहेत.

आणखी एक. निळी फोमची आसनं अंथरलेली असतात. बसणारे चौतीस, आसनं पस्तीस. दोनदा मोजली. पस्तिसावं शेवटच्या रांगेत, दाराच्या बाजूला, आमच्या कार्यकर्त्या मायाताईंच्या शेजारी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पस्तिसावं आसन उचलून कपाटात ठेवलं. चहा पिऊन आले तर पुन्हा तिथेच. कोणी ठेवलं ते मी विचारलं नाही. दहा मिनिटं ते रिकामं होतं. माझी नजर वारंवार तिकडे गेली. कारण नोंदवता येत नाही.

तिसऱ्या मिनिटाला मी दीर्घ बीप ऐकली. लॅपटॉपचा आवाज बंद होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास आनापान करतात. रविवारी विहारात, इतर दिवशी घरीच, खुर्चीत. आज उठल्यावर म्हणाले, "तुम्ही लोक मशीन लावून जे करून राहिले, ते आम्ही फुकटात करून राहिलो आठ वर्षांपासून."

मी म्हणाले, "आम्ही मोजतो."

"श्वास मोजून घेतला का सोडायचा राहून जाते, पोट्टी." मग, "तू पयले बसे ना माझ्यासोबत. आता काहून नाही बसत?"

मी सांगितलं, वेळ नसतो. बाबांनी पेपर उघडला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

०७ आणि १९ : तेच, चिमटे आणखी दोनदा बदलूनही. चार बैठकी झाल्या. अहवालाच्या तक्त्यात दोघांपुढे 'वगळावे' असं लिहिलं. सदोष उपकरणाचा आकडा वगळणं ही नेहमीची पद्धत आहे. एक खोटा आकडा बत्तीस खऱ्या आकड्यांवरचा विश्वास घालवतो. मिलमध्येही मी हेच करत असे.

मिलबद्दल एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये मी दोन वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. भट्टी कोळशापासून केलेल्या गॅसवर चालते. त्यातल्या विषारी भागाला वास नसतो, रंग नसतो. तो गळला की कळावं म्हणून भट्टीच्या खालच्या खोलीत सेन्सर बसवलेला असतो, आणि त्याला जोडलेला भोंगा. त्या हिवाळ्यात भोंगा रोज सकाळी विनाकारण वाजायचा. नवा सेन्सर मागवलेला होता, यायला आठ दिवस होते. दर वेळी भट्टी थांबायची, माणसं बाहेर पळायची, मग हसत परत यायची. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी अलार्म बायपासवर टाकण्यात आला, म्हणजे सेन्सरने खूण दिली तरी भोंगा वाजू नये. बायपास किल्लीने होतो. रजिस्टरमध्ये नोंद करण्यात आली. दुपारी खालच्या खोलीत खरी गळती झाली. एक कामगार व्हॉल्व्ह बघायला उतरला होता. भोंगा वाजला नाही.

चौकशीत निष्कर्ष निघाला की कामगार परवानगीशिवाय आणि मास्कशिवाय खाली गेला. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शर्मिष्ठा दीदींनी 'वगळावे' पाहिलं. "स्नेहल, दो लोग को ऐसे कैसे काट दिया? जिनको सबसे ज्यादा तकलीफ, वही तो हमारे काम के लोग हैं." मी चिमट्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, किती वेळा बदलले. तीनदा. "फिर चिमटे की गलती कैसे हुई?"

त्यांनी नावांची यादी उघडायला लावली.

०७ : माया रामटेके, क्षेत्र कार्यकर्ती. १९ : श्रावणी रामटेके, अकरावी विज्ञान.

मायाताई. घरोघरी जाऊन मुलींना केंद्रात आणतात. श्रावणी त्यांची मुलगी, माझ्याकडे फिजिक्सला असते, गणित पक्कं आहे. माहितीपत्रकात घरच्यांचा रकाना आहे. तिथे लिहिलं होतं : पती, कै. धर्मपाल रामटेके, मृत्यू १३-२-२०२४.

हे आडनाव मी चौकशीच्या कागदावर वाचलं होतं. आपल्याकडे रामटेके पुष्कळ आहेत. मी लॅपटॉप मिटला आणि दीदींना म्हणाले, तुमचं बरोबर आहे, दोघींना ठेवू.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कपाट आवरलं. मिलमधली किल्ली आहे तिथेच आहे. लाल पट्टी, छोटी, पितळी. त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये खिशात सापडली होती. परत देण्यासारखा प्रसंग आला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बैठकीआधी मायाताईंना विचारलं, पंखा बंद झाल्यावर काय होतं. कामाचा प्रश्न म्हणून विचारला. त्या वर्गाबाहेर पायरीवर बसून चहा गाळत होत्या.

"तुले नाही समजन," त्या म्हणाल्या. "तू तात्यापाऱ्यातली, शहरातली. आमच्या इकडे मिल चालू असली ना, तर आम्ही झोपतो बी अन् भांडतो बी. आवाज असला म्हंजे सगळे ठीक. मिल मधातच थांबली का अख्खा पारा, सगळी वस्ती दारात येते. कोणी बोलत नाही. बाया उभ्या रायतात, कोणाच्या घराकडे मिलचा माणूस चालत येते ते पायत. त्या दिवशी मी बी दारातच होती. तो माणूस सोनियाच्या घरापाशी आला, मले वाटलं तिथं वळन. नाही वळला."

सोनिया त्यांची शेजारीण. एवढं सांगून त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला.

म्हणजे चिमटे बरोबर होते. हॉलमधल्या बहुतेक मुलींची नाडी पंखा बंद झाल्यावर आधी चढते, त्याचं कारण हे. मी चौतीस जणींना आठवड्यातून दोनदा मिल थांबवून दाखवत होते.

मग मायाताई म्हणाल्या, "तू तर इंजिनिअर आहे. गॅस निघाला तर भोंगा वाजते म्हणतात. त्या दिवशी काहून नाही वाजला?"

मी म्हणाले, "सेन्सर बिघडू शकतो."

"हव," त्या म्हणाल्या. "बिघडू शकते."

चहा गोड होता. मी पूर्ण प्यायले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पंखा चालू ठेवला. रेकॉर्डिंगमधलं ते वाक्य काढलं. ०७ : ८४. १९ : ८१. शेवटच्या मिनिटाला दोघी ८० च्या खाली. बाकीचे आलेखही सरळ खाली आले. दीदी सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे स्नेहलने शोधलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मायाताईंनीही.

मी : १२१. चिमटा चौथा.

पस्तिसावं आसन आजही होतं. ते कोणासाठी असेल याचा अंदाज आता करता येतो. मी त्या बाजूला पाठ करून उभी राहिले. मागे कोणीतरी बसताना फोम दबतो तसा आवाज झाला. वळून पाहिलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

फिजिक्सनंतर श्रावणी मागे थांबली. तिला मराठी समजतं, उत्तर हिंदीत देते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वडिलांच्या मृत्यूचं कारण विचारलं होतं.

"दीदी, निमोनिया की स्पेलिंग में पी आता है न शुरू में?"

मी विचारलं, निमोनिया काहून.

"स्कूल में यही बोला है मैंने. नहीं तो लोग बोलते हैं तेरे पापा अपनी गलती से मरे. कागज में भी वही लिखा है." तिने पेनाचं टोपण लावलं. "और पापा थे भी थोड़े वैसे. हेलमेट लगाके भी नहीं जाते थे. तो शायद सही लिखा होगा."

मी तिला स्पेलिंग सांगितलं.

४ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. त्या चौकशीच्या कागदावर एक ओळ आहे, 'मृत व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे'. एक सोळा वर्षांची मुलगी ती ओळ खरी मानते आहे, इतकंच नव्हे, तिला आधार देणारी कारणं स्वतः शोधते आहे. ती ओळ चूक आहे हे नक्की माहीत असलेली माणसं दोन. एक मिलचे मॅनेजर शेखर साहेब. दुसरी मी.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. बाबांसोबत विहारात गेले. मायाताई आणि श्रावणी आलेल्या होत्या, पांढऱ्या साडीत, पांढऱ्या ड्रेसमध्ये. वंदना झाल्यावर चप्पल शोधताना समोरासमोर आलो. मी बाबांची ओळख करून दिली. तेवढंच पुरे होतं, पण बाबा बोलायला लागले.

"मंग तुम्ही बीरगावच्या. माझी पोट्टी तुमच्याच संस्थेत. पयले उरल्याले होती, मिलमध्ये. दोन वर्षं. गॅसचे मीटर, भोंगे, सगळं हिच्याच हाती होतं. मोठमोठे साहेब हिले विचारून काम करत."

मिलचं नावही सांगितलं.

मायाताई म्हणाल्या, "असं का, मेश्राम काका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. श्रावणीच्या ओढणीला मेणबत्तीचं मेण लागलं होतं, ते त्या नखाने खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, आटो जाईन."

परत येताना बाबा म्हणाले, "बाई चांगली आहे. तू काहून गप्प झाली?"

मी सांगितलं, डोकं दुखतंय. खरोखर दुखत होतं.

८ डिसेंबर, सोमवार

मायाताई आज येणार नाहीत, असं मी धरून चालले होते. आल्या. नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी. मी दारात उभी राहून पाहिलं. त्यांनी आसनं घातली, रांगेत, पायाने कडा सारख्या करत. चौतीस झाली. कपाटाजवळ थोडा वेळ थांबल्या. मग पस्तिसावं काढलं आणि दाराच्या बाजूला, स्वतःच्या शेजारी अंथरलं.

मी विचारलं, "मायाताई, हे कोणाचं?"

"तुझं."

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"पयल्या दिवशीपासून टाकून राहिली," त्या म्हणाल्या. "तू उभीच रायते. सगळे बसतात अन् एक पोरगी उभी. मले बरं नाही वाटत."

मुली आल्या. घंटा वाजली. पंखा चालू होता. मी उभीच राहिले. माझा आकडा पाहिला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आज सांगितलं. जसं झालं तसं लिहिते.

दुपारी तीन. हॉलमध्ये आम्ही दोघीच. मायाताई चिमटे स्पिरिटच्या कापसाने पुसत होत्या, एकेक पुसून टोपलीत. मी समोर बसले. जमिनीवर.

"मायाताई, अलार्म बिघडला नव्हता. मी बंद केला होता."

त्यांचे हात थांबले नाहीत. "काहून?"

"रोज विनाकारण वाजायचा. नवा सेन्सर यायचा होता. तोवर म्हणून."

"तो खाली गेला तेव्हा तुले माहीत होतं?"

"ते खाली आहेत हे मला माहीत नव्हतं. अलार्म बंद आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सांगायचं काम माझं होतं. बायपास केला की खालच्या दारावर पाटी लावायची असते. मी जेवून आल्यावर लावणार होते."

"किती वाजता जेवली?"

"दीड."

"तो दोनले गेला," त्या म्हणाल्या. "व्हॉल्व्ह पाहून जेवतो म्हणे, डबा उघडून ठेवला होता." आणखी दोन चिमटे पुसून झाले. "मंग कागदात तुझं नाव काहून नाही?"

"होतं. रजिस्टरमध्ये मीच लिहिलं होतं. शेखर साहेबांनी ते पान बदललं. म्हणाले, नवीन आहात, अख्खं आयुष्य पडलंय. बायपासची नोंद नसलेल्या नव्या पानावर मी सही केली."

बाहेर मिलचा आवाज चालू होता. मी किल्ली टोपलीशेजारी ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. लाल पट्टीवरचं छापलेलं वाचायचा प्रयत्न केला, इंग्रजी होतं, सोडून दिलं.

पुढचा चिमटा उचलत म्हणाल्या, "मी रोज त्याले शिव्या देत होती. पावणेदोन वर्षं. भांडे घासता घासता. का रे तू उतरला, तुले काय पडलं होतं."

मग, "श्रावणीले तू सांगशील. मी नाही सांगणार. माह्या तोंडून आलं तर तिले वाटन, माय नवऱ्याची बाजू घेऊन राहिली."

टोपलीतले चिमटे त्यांनी मोजले. चौतीस. आकडा तपासायला मी सकाळपासून एक बोटाला लावून ठेवला होता, तिकडे हात केला. "तुझा बी दे."

मी काढून दिला. त्यांनी तोही पुसला, बाकीच्यांपेक्षा कमी नाही, जास्त नाही, आणि टोपलीत टाकला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

श्रावणीला फिजिक्सच्या तासानंतर सांगितलं. सर्किटची आकृती काढली नाही, शब्दांत सांगितलं. भोंगा होता. मी बंद केला. तो वाजला असता तर तुझे वडील वर आले असते. रोज येत होते.

तिने पहिला प्रश्न विचारला, "मतलब मास्क नहीं पहना, उससे कुछ नहीं हुआ?"

"मास्क तिथे कोणीच लावत नव्हतं. भोंगा वाजला की बाहेर पळायचं, हाच नियम होता. ते नियमाने वागले. नियम मी मोडला."

"तो पापा की गलती नहीं थी."

"नाही."

"लिख के दोगे आप? हाथ से. टाइप किया हुआ नहीं चाहिए, वो कागज भी टाइप किया हुआ था."

मी तिथेच, तिच्या वहीच्या पानावर लिहून दिलं. तारीख, वेळ, नाव, सही. एक प्रत माझ्यासाठी. तिने पूर्ण वाचलं, ओठ हलवत. पान चार घड्या करून कंपासपेटीत ठेवलं.

दारापर्यंत जाऊन ती वळली. "फिजिक्स अब आप मत पढ़ाना मेरे को."

मी हो म्हणाले. बैठकीला ती आली नाही. मायाताईही आल्या नाहीत. आसनं कोणी दुसऱ्यानेच घातली होती, वाकडीतिकडी. मी मोजली नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात जबाब दिला. किल्ली जोडली. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "मैडम, ये तो पुराना मामला है. आप क्यों अपने को फँसा रही हैं?" मी पावती मागितली. त्यांनी शिक्का मारून दिली. पुढे काय होईल ते माहीत नाही, असंही ते म्हणाले, आणि चहा विचारला.

शर्मिष्ठा दीदींना प्रत दिली. त्यांनी दोनदा वाचली. शुक्रवारची बैठक पूर्ण करा, बाकी नंतर बोलू, म्हणाल्या.

घरी बाबांना सांगितलं. संध्याकाळी खुर्चीत डोळे मिटून बसले, त्यांची वेळ नसताना.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेवटची बैठक.

मायाताई आल्या होत्या. श्रावणीही, शेवटच्या रांगेत, आईशेजारी. तिच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची प्रत टेबलावर सह्यांसाठी पडली होती. कारणाच्या रकान्यात निमोनिया खोडून वर लिहिलं होतं : गैस. मिल में. ड्यूटी पर.

आसनं मायाताईंनीच घातली होती, कडा सारख्या. मी दारातून मोजली. पुन्हा मोजली.

चौतीस.

सात आठवड्यांत पहिल्यांदा मोजणी जुळली. दाराच्या बाजूची जागा रिकामी होती, नुसती फरशी, आणि तिच्यावर धुळीत आसनाच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन.

कपाटात जास्तीची आसनं होती. मी काढलं नाही. चिमटा लावला आणि त्या चौकोनाच्या बाहेर फरशीवर बसले. फरशी गार होती. माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर, मायाताईंचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी जागा बदलली नाही.

घंटा झाली. डोळे मिटले.

तिसऱ्या मिनिटाला १२२. चिमटा बदलला नाही. तो बरोबर आहे.